डायलिसिसवर असलेल्या आईला हाडांचं इंजेक्शन द्यावं का?

रानजाई:
आई 67 ची, चार वर्षं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये घसरली आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करायला लावली, टी स्कोअर मायनस 3.4 आला, म्हणजे हाडं खूपच विरळ, म्हणाले डेनोसुमॅबचं इंजेक्शन घ्या दर सहा महिन्यांनी, किडनीचा काही प्रॉब्लेम नाही त्याला. किडनीवाले म्हणतात थांबा, आधी पीटीएच (हाडं आणि कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) बघू. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, मधल्यामधे मी फाईल घेऊन पळतेय. कुणाचं ऐकू?

गवतीचहा:
ताई घाई नका करू. माझ्या बाबांना हेच दिलं होतं, कॅल्शियम न तपासता. दहाव्या दिवशी हातापायाला मुंग्या, मग बोटं आखडायला लागली, कॅल्शियम 6 च्या खाली, आठवडाभर ॲडमिट. औषध किडनीतून जात नाही हे खरं, पण डायलिसिसवाल्यांचं कॅल्शियम धाडकन पडू शकतं, जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी संस्था) त्यावर सगळ्यात कडक वॉर्निंग टाकलीय.

नवखा:
मग आठवड्याला एक घ्यायची ती हाडांची अलेन्ड्रोनेटची गोळी? माझी मावशी घेते.

युनिटवाला:
मावशीची किडनी चांगली असेल. ती गोळी किडनीतूनच बाहेर पडते, डायलिसिसवाल्यांना सहसा देत नाहीत.
रानजाई, मी डायलिसिस टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण रोज हेच ऐकतो. डेक्सा हाड किती विरळ झालंय ते सांगते, कशामुळे ते नाही. पीटीएच फार वाढलं तर हाड झिजत जातं, फार कमी असेल तर हाड झोपल्यासारखं, नवीन बनतच नाही, आणि ही इंजेक्शनं हाडाची उलाढाल, म्हणजे जुनं झिजून नवीन बनणं, अजून कमी करतात, म्हणजे झोपलेल्याला झोपेची गोळी. डायलिसिसमध्ये पीटीएच नॉर्मलच्या वरच्या आकड्याच्या 2 ते 9 पट चालतं, त्यामुळे रिपोर्टवर ‘हाय’ दिसलं म्हणून घाबरू नका. अजून एक, डेनोसुमॅब सुरू केलं की मनाने बंद करायचं नाही, मणके दबतात. आणि जेवणातला फॉस्फरस अडवायची गोळी आई जेवतानाच घेते ना? अर्धे लोक नंतर आठवेल तेव्हा घेतात.

रानजाई:
पीटीएच 78 आलं! मी खूश, लॅबच्या हिशोबाने जवळपास नॉर्मल, तर किडनीचे डॉक्टर म्हणे डायलिसिसवाल्यांसाठी हेच कमी आहे. कॅल्सिट्रिऑल (पीटीएच खाली आणणारं व्हिटॅमिन डी) बंद केलं, फॉस्फरससाठी कॅल्शियम ॲसिटेटच्या जागी कॅल्शियम नसलेली सेवेलॅमर दिली, इंजेक्शन तूर्तास नाही, तीन महिन्यांनी परत तपासणी. आणि हो, फॉस्फरसची गोळी आई चहाबरोबर घेत होती 🤦‍♀️

युनिटवाला:
बाथरूममध्ये दांडा बसवून घ्या आधी.