मदत हवी आहे : बचतगटातल्या बायकांना ‘वित्तीय व्यवस्था’ कशी समजावून सांगू?

नमस्कार मंडळी,

मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. आमचा बारा जणींचा बचतगट आहे आणि हिशेबाची वही माझ्याकडे असते. येत्या रविवारी पंचायतीच्या सभागृहात चार गटांची एकत्र बैठक आहे आणि तिथे मला वीस मिनिटं बोलायचंय. विषय मिळालाय, देशाच्या अर्थव्यवस्थेत वित्तीय व्यवस्थेचं काम. मुलीच्या बारावीच्या पुस्तकात बचतीला चालना, भांडवलनिर्मिती, जोखमीची विभागणी असं सगळं आहे. खोटं त्यात काहीच नाही. पण घरचं आवरून धावतपळत आलेल्या बायकांना ते वाचून दाखवलं तर त्यांच्या हाती काय लागणार?

मागच्या बैठकीत आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशींनी विचारलं होतं, “आमचे पयशे थंय पडून आसतात जाल्यार बँक व्याज खंयसून दिता?” (आमचे पैसे तिथे पडून असतात तर बँक व्याज कुठून देते?) मी काहीतरी सांगितलं, पण माझं मलाच पटलं नाही. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

सुरुवात आमच्या वहीपासूनच करावी असं मनात आहे. प्रत्येकी महिना २०० म्हणजे गटाचे २,४०० जमतात. गेल्या वर्षी काजूच्या मोसमाआधी आमच्यातल्या एकीला बागेची पावणी (लिलावातून मिळणारा मोसमाचा मक्ता) घ्यायची होती. हातात १५,००० कमी पडत होते. तिला ते द्यायचे की नाही यावर आम्ही तासभर बोललो. झाडं किती, बिया कोण घेणार, अवकाळी पाऊस पडून मोहर गळला तर काय, घरी राबणारे हात किती. मग दरमहा शेकडा एक रुपया व्याजाने तीन महिन्यांसाठी दिले. तिने मुदतीत फेडले. व्याज आलं ४५०, म्हणजे एकेकीच्या वाट्याला साडेसदतीस रुपये. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे असं मला वाटतं. ते साडेसदतीस रुपये काजूच्या झाडाने दिले. अकरा जणींना त्या वेळी नको असलेले पैसे बारावीला हवे त्या वेळी मिळाले, म्हणून ती बाग तिच्या हाती आली.

१९९२ साली नाबार्डने (शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक) बचतगट बँकांना जोडायचा प्रयोग केला तो फक्त ५०० गटांपासून, हेही सांगणार आहे.

अडले आहे ते पुढे. वहीतून एकदम देशापर्यंत कशी जाऊ? दुसरं, एक जण नक्की विचारणार की गोव्यातल्या बँका ठेवींनी भरलेल्या आहेत, मग आमच्या पोरांना कर्ज देताना एवढी खळखळ का? आणि तिसरं माझ्या घरचं. आईची मुदत ठेव एका पतसंस्थेत दोन वर्षं अडकली आहे. दर महिन्याला ती पावती पिशवीत घालून जाते आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ ऐकून परत येते. असं असताना लोकांना ‘बचत करा, पैसा व्यवस्थेत आणा’ असं मी कुठल्या तोंडाने सांगू? जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद (फोंड्याहून, निवृत्त बँक अधिकारी)

ताई, वहीची सुरुवात अगदी योग्य आहे, ती बदलू नका. तासभर जी चर्चा केलीत त्यालाच आम्ही कर्जाची छाननी म्हणायचो. पैसा गोळा करणं त्यामानाने सोपं. कुणाला द्यायचा हे ठरवणं कठीण, आणि देशाचं बरंवाईट बरंचसं त्यावरच अवलंबून असतं. बाग नीट राखणाऱ्याला पैसा मिळाला तर उत्पन्न वाढतं. नुसत्या ओळखीवर मिळाला तर ठेवीदार बुडतो.

वहीतून देशाकडे जायला मावशींचे १०० रुपये घ्या. बँकेला त्यांतले ३ रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागतात. हे प्रमाण आधी ४ होतं, २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने खाली आणलं. आणखी १८ मुख्यतः सरकारी रोख्यांत जातात, म्हणजे मावशी सरकारलाही उसने देतात. उरलेले साधारण ७९ कर्जाला मोकळे. व्यापारी बँकांना आपल्या कर्जांपैकी ४० टक्के शेती, लघुउद्योग, घरं, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या क्षेत्रांना द्यावी लागतात, हेही सांगा. बायका तिथे कान टवकारतील.

एक बारकावा मात्र तुम्हाला माहीत असू द्या. कर्ज मंजूर करताना बँक कुणाची ठेव उचलून दुसऱ्याच्या हातात देत नाही. कर्जदाराच्या खात्यात तेवढा आकडा जमा करते, आणि तीच नवी ठेव होते. अशा रीतीने बँका देशातला पैसा वाढवतात. त्या बदल्यात वस्तू आणि कामं वाढली तर बरं, नाहीतर महागाई. म्हणून वर रिझर्व्ह बँकेचा लगाम लागतो.

आता गोव्याचं. आपल्याकडे ठेवींच्या मानाने कर्ज फार कमी, देशाच्या सरासरीच्या कितीतरी खाली. आखातातून आणि बोटीवरून येणारा पैसा ठेवीत जातो, पेन्शनवाल्यांचाही तिथेच. मोठ्या कंपन्यांचा कारखाना इथे असला तरी त्यांचं कर्ज बहुतेक वेळा मुंबईच्या शाखेत मांडलेलं असतं. आणि एक कारण मी खुर्चीत बसून रोज पाहिलं, ते म्हणजे जमिनीचे कागद. एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांची पाच भावंडं, दोघं वारलेली, एकाची मुलं लिस्बनला, इन्व्हेंटरी (वारसांमधली कायदेशीर वाटणी) झालेली नाही. पोरगा हुशार, धंदा चांगला, पण गहाण काय घेणार? अशा किती पोरांना मी हात हलवत परत पाठवलं, ते आजही आठवतं. म्हणून बैठकीत हेही सांगा की घरचे कागद वेळेवर सरळ करून ठेवा.

प्रतिसाद (सत्तरीहून)

ताई, काकांनी छाननी सांगितली, मी तिची दुसरी बाजू सांगतो. आमच्या घरी खाणीचं खनिज वाहणारे दोन टिप्पर होते, दोन्ही कर्जावर. गावात प्रत्येक अंगणात टिप्पर उभा, आणि बँकवाले स्वतःहून घरी यायचे. २०१२ साली खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. चाक बंद आणि हप्ता चालू. २०१४ साली सरकारने खाणग्रस्तांसाठी कर्जसवलतीची योजना आणली म्हणून कित्येकांना जरा श्वास घेता आला. टायर, गॅरेज, ड्रायव्हर, कोपऱ्यावरचं चहाचं दुकान, सगळ्यांचा पैसा एकाच खाणीत गुंतला होता. पुस्तकात जोखमीची विभागणी म्हणतात ती झाली नाही तर काय होतं, हे तुम्ही आमच्या गावाकडे बोट दाखवून सांगा. आम्हाला वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद (फोंड्याहून, पुन्हा)

तिसरा प्रश्न राहिला. विश्वास गेला की बाकीचं काही टिकत नाही, आणि गोव्याला हे नव्याने शिकवायला नको. १९६१ साली मुक्तीच्या आधी बांकु नासियोनाल उल्त्रामारीनु या पोर्तुगीज बँकेत गहाण असलेले लोकांचे दागिने लिस्बनला गेले, ते परत यायला १९९१ उजाडलं.

आज बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला एका बँकेमागे मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत देतं. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले तर दोन्ही मिळून एकच मर्यादा. सरकारी, खाजगी आणि सहकारी बँकांना हे लागू आहे, पण पतसंस्थेला नाही. आईच्या ठेवीसाठी सहकार निबंधकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. नुसत्या फेऱ्या मारून कागदावर काहीच उरत नाही.

धागाकर्ती

काका, भाऊ, दोघांचे मनापासून आभार. पतसंस्था आणि बँक यांतला हा फरक मला माहीत नव्हता, आणि वही माझ्याकडे असते! आईचा अर्ज काल लिहिला, सोमवारी देते.

एकच विचारायचं होतं. आमच्या गटातल्या दोघींचे पैसेही त्याच संस्थेत आहेत. बैठकीत हे सांगू का? घबराट पसरेल अशी भीती वाटते.

प्रतिसाद (फोंड्याहून)

कुठल्याही संस्थेचं नाव न घेता सांगा. प्रत्येकीला आपापली पावती वाचायला लावा. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याशिवाय कुणाला नावात ‘बँक’ शब्द वापरता येत नाही, तो शब्द पावतीवरच्या नावात आहे का ते आधी बघायचं. मग मुदत आणि वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते. त्या दोघींना मात्र बैठकीआधी घरी जाऊन भेटा.

धागाकर्ती

दोघींकडे आज संध्याकाळी जाऊन आले. एकीच्या पावतीवर वारसाचा रकाना कोराच होता. रविवारी पावत्या सोबत आणा, असा निरोप चारही गटांना धाडला आहे.