लंडनमधल्या सोप्या पायवाटा : बागा, नदीकाठ, कालवाकाठ (अनुभव धागा)

पायवाट

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई-बाबा तीन महिन्यांसाठी इकडे येतायत. आईचा उजवा गुडघा दुखरा आहे, जिने नको म्हणते. बाबांना मात्र सकाळी तासभर चालल्याशिवाय चैन पडत नाही. मागच्या खेपेला मी बिग बेन, टॉवर ब्रिज, राजवाडा असं सगळं दोन शनिवारांत उरकलं, आणि बाकीचे दिवस दोघं खिडकीशी बसून समोरून जाणाऱ्या बस बघत राहिली. त्याची रुखरुख अजून जात नाही.

म्हणून हा धागा. तुम्ही स्वतः चाललेल्या, सपाट, मध्येच सोडून घरी जाता येईल अशा वाटा सांगा. नुसती नावं नकोत, तुमचा अनुभव हवा.

माझ्यापासून सुरुवात करते. लँकेस्टर गेट स्टेशनबाहेर रस्ता ओलांडला की केन्सिंग्टन गार्डन्समधली कारंज्यांची इटालियन बाग लागते. तिथून सर्पेंटाइन तळ्याच्या काठाने हाइड पार्क, मग ग्रीन पार्क आणि शेवटी सेंट जेम्स पार्क. चार बागा एकमेकींना लागून आहेत, मोठे रस्ते लागतात ते हाइड पार्क कॉर्नरला आणि सेंट जेम्सच्या आधी द मॉलला. बाकं जागोजागी. सेंट जेम्सच्या तळ्यात पेलिकन आहेत. 1664 साली रशियाच्या राजदूताने दुसऱ्या चार्ल्स राजाला भेट दिले, तेव्हापासून त्या बागेत पेलिकन आहेत. जमिनीत बसवलेल्या डायना स्मृतिमार्गाच्या गोल खुणा याच बागांमधून जातात, एकूण 90. माझी लेक प्रत्येक खुणेवर उडी मारत जाते आणि त्या नादात किती चालली हे तिला कळतही नाही.

जुना प्रवासी

चांगला विषय काढलात. मी इथे येऊन तीस वर्षं होतील. सगळ्यात जास्त वेळा चाललो असेन तर लिटल व्हेनिस ते कॅम्डेन, रीजंट्स कालव्याच्या काठाने. अंतर सुमारे 4 किलोमीटर. तुमच्या वडिलांना आवडेल याची मला खात्री आहे, आणि कारण फक्त पाणी नाही.

वॉरिक अव्हेन्यू स्टेशनवर उतरा. कालव्याकडे जाण्याआधी पाच मिनिटं वाकडी वाट करून हाउली प्लेस नावाच्या शांत गल्लीत जा. 10 नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे : लोकमान्य टिळक इथे 1918-19 मध्ये राहिले. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर त्यांनी जो बदनामीचा खटला भरला होता, त्यासाठी ते इकडे आले होते. खटला हरले. मी पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा थंडीचे दिवस होते, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. साठी ओलांडलेला, मधुमेहाने खंगलेला माणूस या थंडीत कसा राहिला असेल, हाच विचार मनात होता. कालवा दोन पावलांवर आहे. संध्याकाळी ते त्या काठाने फिरत असतील का, हे मला ठाऊक नाही, पण मी तिथून चालतो तेव्हा मनात हटकून येतंच.

पुढे मेडा हिलचा बोगदा लागतो. बोगद्यातून पायवाट नाही, वरच्या रस्त्याने जाऊन पलीकडे पुन्हा खाली उतरायचं. इथे पायऱ्या आहेत, आईंना सांभाळून न्या. मग डाव्या-उजव्या हाताला मोठी घरं, होड्या, झाडं, आणि रीजंट्स पार्कच्या कडेने जाताना प्राणिसंग्रहालय. कालव्यालगतच्या उंच जाळीत पूर्वी पक्षी होते, 2022 पासून तिथे काळी-पांढरी कोलोबस माकडं आहेत. तिकीट न काढता दिसतात.

त्याच्या अलीकडे मॅकल्सफील्ड पूल आहे. त्याच्या लोखंडी खांबांना हात लावून बघा. हे कालवे घोड्यांचे. घोडा काठावरून चालायचा आणि दोराने बोट ओढायचा, म्हणून या वाटेला टोपाथ म्हणतात. दोर घासून घासून खांबांवर बोटभर खोल खाचा पडल्यात. या पुलाच्या खांबांवर त्या दोन्ही बाजूंना आहेत. 2 ऑक्टोबर 1874 ला दारूगोळा घेऊन जाणाऱ्या बोटीचा पुलाखालीच स्फोट झाला, पूल उडाला. खांब तेवढे वाचले. नवा पूल बांधताना ते फिरवून उभे केले, त्यामुळे दोर नव्या बाजूला घासू लागले.

दम असेल तर प्राणिसंग्रहालयापाशी कालवा सोडा आणि प्रिमरोज हिल चढा. टेकडी छोटी आहे, वरून अख्खं शहर दिसतं. पलीकडे उतरलात की किंग हेन्रीज रोड, घर क्रमांक 10. बाबासाहेब 1921-22 मध्ये इथे राहून शिकत होते. 2015 साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. टिळकांच्या दारातून निघून बाबासाहेबांच्या दारात पोचणारी ही वाट एका सकाळीत होते. मी आजवर जितक्या पाहुण्यांना नेलं, तितके सगळे त्या दुसऱ्या दारापाशी थोडा वेळ गप्प उभे राहिले.

खारुताई

काका, किती सुंदर लिहिलंत. मी त्याच काठावर बाबागाडी घेऊन दोन वर्षं चालले, म्हणून थोडं सावधगिरीचं सांगते.

टोपाथ अरुंद आहे आणि सायकली वेगात येतात. नियमाने पायी चालणाऱ्याचा मान पहिला, पण पुलाखाली वाट वळते तिथे समोरचं काही दिसत नाही. तिथे थांबायचं, घंटी ऐकायची, मग जायचं. पाण्याच्या बाजूला कठडा नसतो. लहान मूल असेल तर हात सोडायचा नाही, म्हणजे नाहीच. पानगळीत ओली पानं फार निसरडी असतात आणि डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, दुपारी उशिरा निघू नका.

एवढं सांगूनही म्हणेन, जा. बाळ तीन महिन्यांचं होतं, दिवसभर घरात दोघीच, कुणाशी मराठीत बोलायला नाही. सकाळी दहाला कालव्यावर गेले की होड्यांवर राहणारी माणसं कुंड्यांना पाणी घालत असायची, हात करायची. एप्रिलात काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या कूट पाणकोंबडीचं घरटं दिसलं, काड्या, चिंध्या आणि चिप्सच्या पाकिटाचं. मी रोज ते बघायला जायचे. पिल्लं निघाली त्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी आजींनी माझा हात धरला. इथे आल्यावर मला पहिल्यांदा आपलं असं वाटलं ते तेव्हा.

निळी छत्री

माझी नोकरी गेली त्या वर्षी मी अख्खा रीजंट्स कालवा तुकड्या-तुकड्यांत चाललो. लिटल व्हेनिस ते लाइमहाउस, 13.8 किलोमीटर. 1820 मध्ये पूर्ण झालेला. पाणी उताराला लागतं, सुमारे 26 मीटर खाली थेम्सपर्यंत, आणि म्हणून वाटेत 12 लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधलं पाण्याचं खोकं. बोट आत घ्यायची, पाणी खाली सोडायचं, पुढचा दरवाजा उघडायचा. कॅम्डेनला एका बाकावर बसून मी एका मुलीला एकटीने हे करताना पाहिलं. दरवाजाच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून ती ढकलत होती. लागलीच हलत नाही तो. पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखी झाली की मगच दरवाजा सुटतो, त्याआधी कितीही जोर लावा. मला त्या काळात ते पाहणं फार आवश्यक होतं.

कॅम्डेनच्या आसपास काठाला पाण्यात उतरणारे छोटे उतार दिसतील. आगगाडीच्या आवाजाने बिचकून घोडे पाण्यात पडायचे, त्यांना बाहेर काढायला ते केलेले.

किंग्ज क्रॉसपाशी जुन्या गॅसच्या टाक्यांचे लोखंडी सांगाडे ठेवलेत, एकात गोल हिरवळ आहे. तिथून कालव्याकडे उतरणाऱ्या रुंद पायऱ्यांवर उन्हात माणसं बसलेली असतात. पुढे इझलिंग्टनचा बोगदा, 878 मीटर. त्यातूनही पायवाट नाही. घोडे वरच्या टेकडीवरून न्यायचे आणि खलाशी बोटीत उताणे पडून बोगद्याच्या भिंतीला पायांनी रेटत बोट पुढे न्यायचे. आपल्याला वर रस्त्याने जायचंय, फरशीत खुणा बसवल्यात त्या बघत चला. व्हिक्टोरिया पार्क 1845 चा, कामगारवस्तीला मोकळी हवा मिळावी म्हणून लोकांनी अर्ज करून मिळवलेला. त्याच्या कडेचा टप्पा बाबांसाठी उत्तम : सरळ, रुंद, झाडांखाली.

गोदाकाठ

नदीचं कुणीच लिहिलं नाही अजून!

मी नाशिकची, नदी म्हटली की घाट डोळ्यांसमोर येतो. इथे रिचमंडला मला तो थोडासा सापडतो. पुलापासून (1777 चा, लंडनमध्ये थेम्सवर आज उभा असलेला सगळ्यात जुना) टेडिंग्टन लॉकपर्यंत नदीकाठाने साधारण 5 किलोमीटर, पूर्ण सपाट. सुरुवातीला पीटरशॅमचं कुरण, उन्हाळ्यात त्यात गाई चरतात. राजधानीच्या शहरात, ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) स्टेशनपासून वीस मिनिटांवर गाई! माझी सासू तिथे कुंपणाला टेकून उभी राहिली ती हलेचना. वर टेकडीवरून जे नदीचं वळण दिसतं ते दृश्य बांधकामापासून वाचवायला 1902 मध्ये संसदेने खास कायदा केला.

आता चूक सांगते. थेम्सला टेडिंग्टनपर्यंत भरती येते. समुद्र इतका लांब आहे की आमच्या ते ध्यानातच आलं नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो, परत येताना पुलाजवळच्या वाटेवर पाणी चढलं होतं. सासूबाईंची चप्पल भिजली, मी घाबरून त्यांना भिंतीच्या कट्ट्यावर बसवलं आणि तासभर आम्ही तिथेच बसलो. पाणी जसं आलं तसं गेलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पायांना नदी लागली, बरं झालं." पण तुम्ही निघण्याआधी भरतीची वेळ बघाच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तर नक्की.

पायवाट

गोदाकाठ, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. वाचून डोळे भरले.

एक विचारू का? ज्येष्ठांना घेऊन निघालं की पहिली काळजी स्वच्छतागृहाची असते. त्याचं काय करता?

जुना प्रवासी

ताई, स्टेशनपासून सुरू करा आणि स्टेशनपाशी संपवा. पॅडिंग्टन, किंग्ज क्रॉस अशा मोठ्या रेल्वे स्थानकांवर 2019 पासून स्वच्छतागृह मोफत आहे. पॅडिंग्टनहून लिटल व्हेनिसला कालव्याच्या काठानेच चालत जाता येतं. रीजंट्स पार्कमध्येही सोय आहे. आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आलात तर तिथली क्वीन मेरीची बाग चुकवू नका, सुमारे 12,000 गुलाब एकदम फुललेले असतात.

आडवाट

उत्तर लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी एक छोटी भर : पार्कलँड वॉक. फिन्सबरी पार्क ते हायगेट, सुमारे 3 किलोमीटर, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून. रूळ गेले, फलाट राहिले, दोन्ही बाजूंनी झाडी चढलीय. आगगाडीचा मार्ग असल्याने चढ जाणवत नाही. पाऊस पडला की मात्र चिखल होतो. हायगेटच्या टोकाजवळ क्रॉमवेल अव्हेन्यूवर 65 नंबरचं घर म्हणजे पूर्वीचं इंडिया हाउस, भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह. सावरकरांच्या नावाची पाटी आहे. काकांच्या यादीत तिसरं दार.

पायवाट

जूनमधली नोंद. आई-बाबा आलेत.

लिटल व्हेनिसला गेलो. हाउली प्लेसच्या पाटीसमोर बाबा चप्पल काढून उभे राहिले, भर फुटपाथवर. बोगद्याच्या पायऱ्यांवर आई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने मला धरून उतरली, मग प्राणिसंग्रहालयापर्यंत कुरकुर नाही. माकडं दिसली नाहीत त्या दिवशी. खांबांच्या खाचांत मात्र तिने बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "आपल्या विहिरीच्या काठाला अशाच होत्या, रहाटाआधीच्या."

काल मी कामावर असताना दोघं आपली आपण बस पकडून पुन्हा तिथे जाऊन आली. संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, रिचमंडला भरती किती वाजता आहे.