विषय: केरीचा किनारा गाडीने, दोन दिवसांत – रिंग ऑफ केरी की डिंगल?

नमस्कार मंडळी,

जूनच्या बँक हॉलिडेला शनिवारी सकाळी डब्लिनच्या ब्लँचर्ड्सटाउन उपनगरातून निघून केरीत (आयर्लंडच्या नैऋत्य टोकाच्या परगण्यात) दोन रात्री आणि सोमवारी परत, असा बेत आहे. गाडीत पाच जण: आम्ही दोघं, पुण्याहून आलेले आई-बाबा (पासष्टीच्या पुढचे) आणि सहा वर्षांची मुलगी. पहिल्या दिवशी रिंग ऑफ केरी हा किनाऱ्यालगतचा गाडीचा फेरा, दुसऱ्या दिवशी डिंगल गाव आणि तिथला कॉनर पास हा घाट, असं ठरवतो आहोत. गाडी भाड्याची असेल आणि थोडा वेळ बाबाही चालवतील. काय बदलावं, काय टाळावं?

– डब्लिन १५ मधून

---

नमस्कार,

स्पष्टच सांगते, दोन्ही एकाच सहलीत करू नका. रिंग ऑफ केरी साधारण १८० किलोमीटरची आहे. न थांबता साडेतीन तास आणि थांबत थांबत गेलात तर अख्खा दिवस. त्यात पहिल्या दिवशी डब्लिनपासूनचे साडेचार-पाच तास मिळवले, तर आई-बाबांना समुद्र काचेतूनच दिसेल. डिंगलला दोन रात्री राहा आणि रविवार पूर्ण स्ली हेडला, म्हणजे डिंगलच्या पश्चिमेच्या समुद्रातल्या टोकाला, द्या. डिंगलमध्ये खोली मिळाली नाही तर ॲनस्कॉलला बघा. ट्रलीत राहिलात तर रोज जाऊन-येऊन शंभर किलोमीटर वाढतात.

स्ली हेडचा फेरा म्हणजे आर ५५९ हा रस्ता. डिंगलहून निघून डिंगललाच परत, ४७ किलोमीटर. आकडा बघून दीड तास धरू नका, पाच तास धरा. फेरा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच करायचा, म्हणजे डिंगलहून आधी व्हेंट्रीकडे. बस त्याच दिशेने जातात, त्यामुळे अरुंद वळणावर समोरून बस येण्याचा प्रसंग सहसा येत नाही. शिवाय आपण डावीकडून चालवतो आणि समुद्रही डावीकडेच राहतो. थांबायच्या जागी रस्ता न ओलांडता सरळ आत वळता येतं. उलट दिशेने गेलात तर हे दोन्ही फायदे गेले.

सकाळी नऊच्या आत डिंगल सोडा. टाकी आणि हवा आदल्या संध्याकाळी गावातच बघून घ्या. व्हेंट्रीनंतर फाहानला मधमाशांच्या पोळ्यासारख्या दगडी झोपड्या लागतात. जागा खाजगी शेतात आहेत, थोडे पैसे घेतात आणि चढ आहे. पुढे एका ठिकाणी ओढा चक्क रस्त्यावरून वाहतो. पाऊस पडून गेला असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एक्सलरेटर एकसारखा ठेवून पार करा आणि पलीकडे गेल्यावर ब्रेक दोनदा हलके दाबून सुकवा.

पांढऱ्या क्रूसाच्या मूर्ती-समूहापाशी, म्हणजे प्रत्यक्ष स्ली हेडला, जागा चार-पाच गाड्यांची. भरली असेल तर रस्त्यावर उभं राहू नका, पुढे कूमीनूलला जास्त जागा आहे. तिथली वाळू सुंदर, पण पाण्याची ओढ फार जोरदार आणि भरतीला किनारा जवळजवळ नाहीसा होतो. मुलीला पाण्यात नेऊ नका. पोहायचंच असेल तर व्हेंट्रीचा किनारा उथळ आणि शांत आहे.

वारा हा भाग लोक विसरतात. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा आणि एका वेळी एकच दार, हाताने धरून उघडा. पाठीमागून वारा असला की दार हातातून सुटून बिजागरी वाकते. छत्र्यांचा उपयोग नाही, रेनकोटच घ्या.

डनक्विनच्या धक्क्याची नागमोडी उतरण फोटोत बघून अनेक जण गाडी खाली घालतात. तसं करू नका. खाली वळवायला जागा नाही आणि उलट्या गिअरमध्ये तो चढ अवघड आहे. वरूनच बघा. समोर दिसतं ते ग्रेट ब्लास्केट बेट. १९५३ साली तिथले शेवटचे रहिवासी मुख्य भूमीवर आणले गेले. जवळच्या ब्लास्केट सेंटरमध्ये कॅफे आणि स्वच्छतागृह आहे. आई-बाबांसाठी दुपारचा मोठा मुक्काम तिथेच करा, आणि पाऊस असेल तर तास-दीड तास आत छान जातो.

गॅलरस मात्र चुकवू नका. चुना न वापरता नुसते दगड एकावर एक सरकवत रचलेलं, उपड्या होडीसारखं प्रार्थनाघर. हेमाडपंती देवळं पाहिलेल्या माणसाला तिथून हलवत नाही. एका वाटेवर खाजगी केंद्र आहे, तिथे पार्किंगचे पैसे पडतात. वास्तूपर्यंत सार्वजनिक पायवाटही आहे.

शाकाहारी असाल तर सूप मागताना ते चिकन स्टॉकवर केलंय का, हे विचाराच. नुसतं ‘व्हेजिटेबल’ लिहिलेलं पुरत नाही. फेऱ्यावर हॉटेलं तुरळक आहेत, म्हणून दशम्या, थेपले, कोरडी चटणी असा डबा बरोबर असू द्या.

– ट्रलीहून

---

मंडळी,

ताईंनी मार्गाचं सगळं सांगितलंच आहे. मी गाडीचं आणि जायच्या वाटेचं लिहितो.

ब्लँचर्ड्सटाउनहून एम ५० ने जाताना कॅमेऱ्याचा टोल लागतो. तिथे नाका नाही, दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत पैसे भरायचे असतात. भाड्याची गाडी असेल तर कंपनी तो आपोआप भरते का, हे काउंटरवरच विचारा. पुढे एम ७ वर पोर्टलीशजवळ साधा नाका आहे. लिमरिकनंतर एन २१. अडेर, न्यूकॅसल वेस्ट, ॲबीफील या गावांच्या मधूनच रस्ता जातो आणि बँक हॉलिडेच्या शनिवारी दुपारी तिथे रांगा लागतात. सकाळी सातला निघालात तर साडेदहापर्यंत हा टप्पा मागे पडतो.

बाबांचं भारतीय लायसन्स इथे पाहुणा म्हणून बारा महिने चालतं. तरी भाड्याच्या कंपन्या बऱ्याचदा आंतरराष्ट्रीय परवाना मागतात आणि तो भारतातल्या आरटीओतूनच मिळतो. वयाची वरची मर्यादाही कंपनीगणिक वेगळी असते. त्यांचं नाव दुसरा चालक म्हणून करारात हवंच, नाहीतर विमा लागू होत नाही. मुलगी १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंच आणि ३६ किलोपेक्षा हलकी असेल, तेव्हा तिला बूस्टर सीट कायद्याने लागते. मागे दोन मोठी माणसं आणि बूस्टर नीट मावायला लहान हॅचबॅक पुरत नाही. पण फार रुंद गाडीही घेऊ नका.

कारण इथला खरा धोका वेगळा आहे. भारतातून आलेल्याला डावी बाजू सवयीची, म्हणून आत्मविश्वास असतो. समोरून गाडी आली की माणूस आणखी डावीकडे सरकतो. फ्युशियाच्या त्या लाल फुलांच्या कुंपणात मात्र दगडी भिंत दडलेली असते. डावा आरसा जातो, किंवा डांबराच्या तुटक्या कडेला टायरची बाजू चिरते. टायर, काच आणि गाडीचा तळ साध्या विम्यात बहुधा नसतात. सरकण्यापेक्षा थांबा. ज्याला रुंद जागा जवळ, त्याने मागे घ्यायचं. समोरच्याने स्टिअरिंगवरचं बोट उचललं की तो आभार मानतो आहे, आपणही उचलावं.

नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा. ॲप पाच मिनिटं वाचवायला गवत उगवलेल्या बोळात घालतं. तिथे वळू नका, आर आणि एन क्रमांकच धरा. ग्रामीण स्थानिक रस्त्यांची वेगमर्यादा फेब्रुवारी २०२५ पासून ताशी ८० वरून ६० किलोमीटर झाली आहे. डिंगलच्या पश्चिमेला पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात आणि स्पेलिंग इंग्रजी नावांहून फार वेगळं असतं. डिंगल, व्हेंट्री, स्ली हेड, डनक्विन या चार नावांचं आयरिश स्पेलिंग कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा.

– लिमरिकहून

---

ताई, दादा, मनापासून आभार. रिंग रद्द केली. आता कॉनर पासचं सांगा, सोमवारी परतताना तिकडून यावं का?

– डब्लिन १५ मधून

---

पास चारशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे. दोन टनांपेक्षा जड वाहनांना बंदी आहे, त्यामुळे कॅम्परव्हॅन तर नाहीच, आणि मोठी एसयूव्ही घेतली तर कागदावरचं वजन तपासा. डिंगलच्या बाजूने चढ रुंद आहे. माथ्यापलीकडे मात्र रस्ता एका गाडीचा, एका अंगाला पुढे आलेला कडा. म्हणून असं करा: रविवारी संध्याकाळी, जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतोच, डिंगलहून माथ्यापर्यंत जा. तिथे मोठा वाहनतळ आहे. दोन्हीकडचा समुद्र बघा आणि त्याच वाटेने खाली या. अरुंद भाग टळतो आणि दृश्य पूर्ण मिळतं. खालून माथा ढगात दिसला तर निघूच नका, वर फक्त पांढरं धुकं असतं.

सोमवारी एन ८६ ने ॲनस्कॉल, तिथून आर ५६१ ने इंच या किनाऱ्यावरच्या गावाला. किनारा पाच किलोमीटर लांब आहे. वाळूवर गाड्या उतरलेल्या दिसतील, पण तुम्ही वर डांबरावरच लावा. ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती थांबत नाही आणि वाळूवर नेलेल्या गाडीला भाड्याचा विमाही सहसा नसतो. पुढे कॅसलमेन, फॅरनफोर, मग एन २३ ने कॅसलआयलंडला एन २१ वर. ट्रलीची गर्दी वाचते. इंचहून दुपारी बाराच्या आत निघा, म्हणजे अडेर रांगा लागण्याआधी ओलांडाल.

– ट्रलीहून