आईबाबा दोघंच राहतात, घरात आग लागू नये म्हणून आधी काय काय बघून घेऊ?

अबोली_77
नमस्कार मंडळी. आईबाबा नाशिकला असतात, वय 71 आणि 76, फ्लॅट 1989 चा आणि वायरिंग तेव्हाचंच. मी बंगळुरूला. गेल्या आठवड्यात आईचा फोन, की दोन दिवस झाले बाथरूमबाहेर सुकट भाजल्यासारखा वास येतोय, आमच्याकडे मासे कुणी खात नाही म्हणून तिला वाटलं खालच्यांकडून येत असेल. शेवटी शेजारच्या दादांनी गीझरचा प्लग ओढला तर एक पिन काळीठिक्कर, सॉकेटचं प्लास्टिक वितळून तिला चिकटलेलं. थोडक्यात निभावलं. तेव्हापासून रात्री नीट झोप नाही मला. दिवाळीला दहा दिवस जातेय, तेवढ्यात काय करून घेऊ? नेटवर स्मोक अलार्म, गॅस डिटेक्टर, फायर ब्लँकेट सगळंच घ्या म्हणतात.

मीटरबॉक्स
ताई, बावीस वर्षं वायरमनचं काम करतोय, आधी वस्तू घेऊ नका, आधी बोर्ड उघडून घ्या. तो वास म्हणजे सॉकेटचं प्लास्टिक तापल्याचा वास, बऱ्याच घरी असाच फोन येतो, की माशासारखा वास येतोय. स्क्रू ढिला झाला किंवा सॉकेटची पकड सैल झाली की तिथे तार तापते. आणि लोकांना वाटतं एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे ना, पडेल. नाही पडत! 2000 वॉटचा गीझर साधारण 9 अँपिअर घेतो, लूज कनेक्शनने तो आकडा वाढत नाही, एमसीबीला कळतच नाही काही, आणि इकडे सॉकेट जळत असतं. त्यामुळे हात लावून बघायची सवय लावा, गीझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह वापरून झाल्यावर स्विच बंद करून प्लगच्या पाठीवर हात ठेवायचा, चटका बसण्याइतका गरम लागला की वापर बंद आणि वायरमनला फोन. जड वस्तू 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच, एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात नको. 89 चा फ्लॅट म्हणजे मेनला अजून किटकॅट फ्यूज (चिनीमातीचा, तार बांधायचा जुना फ्यूज) असेल आणि कुणीतरी त्यात जाड तार बांधली असेल, म्हणजे फ्यूज असून नसल्यासारखा. तो काढून एमसीबी आणि सोबत 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. गीझरला अडीच एमएमची तांब्याची वायर, एसी असेल तर त्याला चार एमएमची. खर्च आहे पण पहिला पैसा इथेच घाला.

फोडणीवाली
वायरिंगचं दादांनी सांगितलंच, मी गॅसचं सांगते. नारंगी सुरक्षा पाइप असेल ना, त्याच्यावर साल छापलेलं असतं, पाच वर्षं झाली की बदलायचाच, वरून नवा दिसला तरी. आमच्या सासूबाई पाइपला जुन्या साडीचा तुकडा गुंडाळून ठेवायच्या, तेलकट होऊ नये म्हणून, आणि आतून तो तडकलेला कुणाला दिसलाच नाही. साबणाचं पाणी जोडावर लावून बुडबुडे येतात का बघा, काडी पेटवून कधीच नाही. रात्री रेग्युलेटर बंद, नुसती शेगडीची बटणं नाही. आणि आईंना हे नक्की समजावा, गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत पसरतो, म्हणून नुसती खिडकी नाही, बाल्कनीचं दार उघडायचं. वास आला की कुठलंच बटण दाबायचं नाही, लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, एक्झॉस्टसुद्धा नाही. रेग्युलेटर बंद करून घराबाहेर पडायचं आणि बाहेरून 1906 ला फोन, गळतीसाठी तो 24 तास चालू असतो.
कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून झाकण सरकवत वर ठेवायचं आणि गार होईपर्यंत उघडायचं नाही. पाणी चुकूनही नाही, भडका उडतो.

निरांजन_लावणारी
देवघराचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितेय. आमच्या आजीचा पदर समईवरून गेला आणि पेटला, नायलॉनची साडी होती, वितळून दंडाला चिकटली. ती वाचली पण डाग शेवटपर्यंत होता. आता आईकडे समई पाणी घातलेल्या ताटात असते, पदर खोचल्याशिवाय आई आरतीला उभी राहत नाही, आणि कापूर, वाती, काडेपेटी देवाच्या खालच्या खणातून काढून किचनमध्ये ठेवली. दिवा लावून झोपायला किंवा देवळात जायचं नाही. मच्छर कॉइलही पलंगाखाली नको, चादर लोंबते.

जिन्याखालचा
सोसायटीचा सेक्रेटरी आहे म्हणून दोन शब्द. गॅलरीच्या ग्रिलला उघडणारी खिडकी आहे का बघा, असेल तर कुलपाची किल्ली तिथेच खिळ्याला, कपाटात नको. जिन्यात सायकली, जुनी गादी पडली असेल तर भांडण झालं तरी चालेल पण काढायला लावा, धूर झाला की बाहेर पडायला तोच रस्ता, लिफ्ट नाही. सोसायटीत अग्निशमन यंत्रणा असेल तर 2006 च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीकडून तपासून फॉर्म बी (यंत्रणा चालू असल्याचा दाखला) द्यावा लागतो, तो दिलाय का विचारा. घरात आग विझवायचा आयएसआयचा एबीसी पावडरचा सिलिंडर घ्या, आईंना उचलता येईल असा, आणि तो किचनच्या दाराशी लावा. शेगडीच्या शेजारी लावला तर आग लागल्यावर हात पोचणार कसा?

अबोली_77
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना आत्ताच व्हिडिओ कॉलवर पाइप दाखवायला लावला, त्यावर 2016 आहे! उद्या सकाळी एजन्सीत जातायत, तोपर्यंत रेग्युलेटर बंद, जेवण शेजारच्या वहिनी देणार आहेत. गीझरही वायरमन येईपर्यंत बंद. मीटरबॉक्स दादा, त्या काळी ॲल्युमिनियमच्या वायरी टाकायचे असं बाबा म्हणाले, ते कसं ओळखायचं?

मीटरबॉक्स
बोर्ड उघडल्यावर तार चंदेरी आणि मऊ दिसली तर बहुतेक ॲल्युमिनियमच, मग सगळं नवं ओढून घ्या, नुसती सॉकेटं बदलून भागणार नाही. पण बाबांना स्वतः उघडू देऊ नका. दिवाळीच्या आधी आमच्या लोकांना वेळ नसतो, आजच कुणाला तरी सांगून ठेवा.