चित्रकार व्हायचं नसेल तरी

‘ज्याला चित्रकार व्हायचं नाही, त्याने चित्रकलेत वेळ का घालवावा?’ हा मुद्दा मला अजिबात पटला नाही. मुलांना समोरची खुर्ची काढायला सांगून बघा. बरीचशी मुलं चारही पाय सारख्याच लांबीचे काढतात, कारण ते तसे असतात हे त्यांना ठाऊक असतं. मागचे पाय आखूड दिसतात हे कळायला खुर्चीकडे नीट बघावं लागतं, आणि हे बघणं शिकवावंच लागतं.

स्पेनचे मेंदूशास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांना लहानपणी चित्रकारच व्हायचं होतं. वडिलांनी वैद्यकीला घातलं. पण हात वाया गेला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या चेतापेशी, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंमधल्या पेशी, ते स्वतः रेखाटत, आणि प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते हे त्यांनी त्यातूनच मांडलं. १९०६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना इटलीचे शास्त्रज्ञ कामिलो गोल्गी यांच्यासोबत विभागून मिळालं.