मदत हवी आहे: आठ जणांची टीम, सहा आठवडे आणि मध्ये गणपती

नमस्कार मंडळी,

पुण्यात एका आयटी कंपनीत टीम लीड आहे. लीड होऊन चारच महिने झालेत, त्याआधी सात वर्षं निवांत कोड लिहीत होते. क्लायंट जर्मनीचा. गोदामातल्या मालाचं सॉफ्टवेअर: आवक, जावक आणि स्टॉक मोजणी असे तीन मॉड्यूल. रिलीज आजपासून सहा आठवड्यांनी, म्हणजे कामाचे ३० दिवस हातात.

टीममध्ये तीन बॅकएंड (पडद्यामागचं काम), दोन फ्रंटएंड (स्क्रीनवर दिसणारं), दोन टेस्टर आणि डेटाबेसवाले एक दादा. दादा अर्धा दिवस आमचे, अर्धा शेजारच्या टीमचे. उरलेलं काम ७८० तासांचं, त्यातलं ७० तासांचं दादांच्या नावावर. सरांनी एक्सेल शीट उघडून ८ माणसं गुणिले ८ तास केले, दिवसाला ६४ आले. "बारा-तेरा दिवसांत होतंय की! उरलेले दिवस काय करणार?"

प्रत्यक्षात गेल्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्यात, ४० पैकी २२ कामं झाली. आत्ता बोर्डावर 'टेस्टिंगला तयार' या रकान्यात तीन कार्डं (एक कार्ड म्हणजे एक काम) आहेत आणि 'अडकलेलं'मध्ये चौदा. टेस्टर सोमवार ते गुरुवार जुनेच बग पुन्हा तपासत बसतात. शुक्रवारी संध्याकाळी पाचला सगळं एकदम येऊन पडतं आणि मग त्यांचा शनिवार जातो. एकीने काल मला सरळ विचारलं, "ताई, आम्ही फक्त वीकेंडला यायचं का?" काय उत्तर देणार!

शिवाय गणपती. तिघं कोकणात जाणार, रेल्वेची तिकिटं आधीच काढलेली. शीटमध्ये ही सुट्टी कुठेच नाही.

बॅकएंड, फ्रंटएंड, टेस्टिंग अशी विभागणी ठेवू की मॉड्यूलप्रमाणे गट करू? सर तीन फ्रेशर द्यायला तयार आहेत, घेऊ का? आणि तारखेबद्दल सरांशी कसं बोलू?

कटिंग_चहा:
फ्रेशर आत्ता घेऊ नका. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. आठ जणांत आपसात बोलायच्या जोड्या २८ होतात, अकरा जणांत ५५. त्यांना शिकवणार कोण? तुमचे तेच तीन बॅकएंडवाले. रिलीजनंतर घ्या, तेव्हा पोरांनाही नीट शिकता येईल.

भर_दुपारी:
गटांचं सांगतो. मॉड्यूलप्रमाणे करा, पण मॉड्यूल तीन आहेत म्हणून गट तीन नकोत. टेस्टर दोन, फ्रंटएंड दोन, तेव्हा गटही दोनच. आवक-जावक एकाकडे, मोजणी दुसऱ्याकडे. तिसरा बॅकएंडवाला आवक-जावकमध्ये टाका, काम तिथेच जास्त असणार. टेस्टर पहिल्या दिवसापासून गटातच बसू देत. जेवढं झालं तेवढं रोज तपासायचं, मग शुक्रवारचा लोंढा येणार नाही. नवीन कार्ड उचलण्याआधी हातातलं संपवायचं, एका वेळी माणशी दोनच्या वर नाही. पहिला आठवडा लोक कुरकुर करतील, करू द्यात.

जुना_खेळाडू:
ताई, गट आणि फ्रेशर नंतर बघू. आधी एक गणित करा.

मीटिंगा, मेल, चहा वजा केले तर दिवसाला पाच तास खरं काम होतं. पूर्णवेळ सात जणांचे ३५ आणि दादांचे अडीच, म्हणजे ३७.५. (सरांनी अर्धा माणूस अख्खा धरलाय, ते वेगळंच!) ७८० ला साधारण २१ दिवस. तीसमध्ये बसतंय, सुट्ट्या धरूनही ओढूनताणून बसेल.

आता दादांचं पाहा. ७० तास, रोज अडीच. २८ दिवस. तुमची तारीख आठ जण ठरवत नाहीयेत, एकटे दादा ठरवतायत. 'अडकलेल्या' चौदा कार्डांपैकी दादांची वाट बघत किती आहेत, मोजून सांगता का? आणि ते गणपतीला जाणाऱ्या तिघांत आहेत का?

धागाकर्ती:
बाप रे. आत्ता जाऊन मोजलं. चौदापैकी अकरा. आणि हो, दादा कणकवलीचे. गौरी-गणपती विसर्जन करूनच येणार, कामाचे सहा दिवस नाहीत. म्हणजे लागणार २८ आणि हातात २४. त्यानंतरच्या टेस्टिंगचा तर हिशेबच नाही.

जुना_खेळाडू:
मग सरांकडे तीन फ्रेशर मागण्यापेक्षा दादा मागा. गणपतीच्या आधीचे दोन आठवडे पूर्णवेळ. अर्धा-अर्धा दिवस नको, इकडून तिकडे जाण्यातच डोकं जातं. आणि त्यांच्या यादीतलं सोपं काम, रिपोर्टच्या क्वेऱ्या वगैरे, बॅकएंडवाल्यांना द्या. दादांनी फक्त नजर टाकायची. सरांना "जमणार नाही" म्हणू नका. हे दोन आकडे समोर ठेवा आणि गप्प बसा.

धागाकर्ती (तीन दिवसांनी):
सरांशी बोलले. आधी "पाच तास कसे काय?" वर वीस मिनिटं गेली. मग २८ आणि २४ पाहून त्यांनी स्वतःच शेजारच्या लीडला फोन लावला. दादा दहा दिवस पूर्णवेळ मिळाले, बदल्यात गणपतीनंतर एक आठवडा ते पूर्ण तिकडे. दादांसोबत बसून यादी काढली, ७० पैकी २८ तासांचं काम इतरांकडे गेलं. उरले ४२, म्हणजे नऊ दिवसांत व्हायला हवं. गट दोनच केलेत. फ्रेशर रिलीजनंतर येतील.

आज 'अडकलेलं'मध्ये सहा कार्डं आहेत. दादांचं परतीचं तिकीट मात्र अजून वेटिंगवर आहे.