मनगटातील शिवलेला मज्जातंतू आणि तीन महिन्यांची बधिरता

कोयता लागून आपल्या बंधूंच्या मनगटातील मज्जातंतू तुटला आणि तो शिवून तीन महिने झाले तरी बोटे बधिरच आहेत, म्हणून शस्त्रक्रिया फसली, हा आपला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. नवे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात, त्यामुळे बोटांच्या टोकापर्यंत पोहोचायला सहा महिने सहज लागतात. जखमेपासून बोटांकडे टिचकी मारत गेल्यास जिथे मुंग्या येतात, ती जागा महिन्यागणिक पुढे सरकते का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. सरकत नसेल तर मात्र थांबू नका, कारण वर्ष-दीड वर्ष चेतना न मिळालेला स्नायू पुन्हा कामाला येणे अवघड असते. आपल्या कोल्हापुरात गुऱ्हाळांचा हंगाम असतो, म्हणून कळकळीने सांगतो, बंधूंना उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीपाशी काम देऊ नका. बधिर बोटाला भाजलेले कळत नाही.